नळदुर्गचा नर-मादी धबधबा: सोलापूरहून अर्ध्या दिवसात कधी आणि कसं जायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात राहतो, सप्टेंबरअखेर एक सुट्टी मोकळी आहे, नळदुर्ग किल्ल्यातला नर-मादी धबधबा बघायचा आहे. सोबत साठी ओलांडलेली आई आणि आठ-दहा वर्षांची दोन मुलं. कधी निघावं, चालावं किती लागतं, काय न्यावं, आणि एवढं करून कोरडी भिंत बघून परत यायची वेळ येऊ नये म्हणून काय करावं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण दिवस चुकला तर बाकीची तयारी वाया जाते. ताम्हिणी-माळशेजचे धबधबे एकदा सुरू झाले की गणपती होईपर्यंत थांबत नाहीत, त्यामुळे पुण्याची मंडळी कुठलाही रविवार धरून निघू शकतात. आपल्याला ती चैन नाही. सोलापूर-धाराशिव हा सगळा पट्टा पर्जन्यछायेत येतो. जून-जुलैत पश्चिमेकडून येणारे ढग घाटमाथ्यावरच रिकामे होतात आणि आपल्यापर्यंत पोचतो तो नुसता वारा. इथला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र तेलंगणाकडून आत सरकलं की दोन-तीन रात्रींत हात सैल सोडून पाऊस पडतो. तोवर नदीच्या पात्रात गोटे आणि वेडी बाभूळ एवढंच असतं.

त्यातही पाऊस पडला म्हणजे लगेच नदी वाहिली असं होत नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात तडकते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सुरुवातीचा सगळा पाऊस या भेगा पितात, उरलेला शेततळी, बंधारे आणि विहिरींत जातो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरायचं जवळजवळ थांबतं. म्हणून जुलैतल्या एका जोरदार सरीने ओढ्याला फार तर गढूळ ओघळ येतो आणि सप्टेंबरात तेवढीच सर आली की तोच ओढा फरशीवरून वाहू लागतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे सुरक्षिततेच्या मुद्द्यातही ती पुन्हा येणार आहे.

नळदुर्गला आणखी एक पायरी मध्ये आहे. बोरी नदी बालाघाटाच्या रांगांतून, तुळजापूरच्या बाजूने येते आणि पुढे अक्कलकोट तालुक्यातून जाऊन भीमेला मिळते. किल्ल्याच्या वरच्या अंगाला याच नदीवर बोरी धरण आहे. ते पूर्ण भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की किल्ल्यातला धबधबा नीट सुरू होतो. धरण नव्वद टक्के भरलं ही बातमी शेतकऱ्याला आनंदाची असली तरी आपल्या कामाची नाही, कारण सांडव्याच्या पातळीखालचं पाणी खाली येतच नाही. धरण आणि किल्ला यांच्या मधल्या शिवारात दणकून पाऊस झाला तर काही तासांची धार येते, पण तिच्या नादाने सोलापूरहून निघू नये. आणि सोलापुरात रात्रभर पाऊस झाला म्हणून तर मुळीच निघू नये. हैदराबाद रोडला गुडघाभर पाणी साचलेलं असताना नळदुर्गला भिंत कोरडी असू शकते, आणि सोलापुरात ऊन असताना तिकडे नर आणि मादी या दोन्ही धारा कोसळत असू शकतात. नजर ठेवायची ती तुळजापूर तालुक्यातल्या पावसावर.

काही वर्षी धरण भरतच नाही. मग त्या वर्षी धबधबा नाही, विषय संपला.

पाणी आहे की नाही हे कळायचे मार्ग साधे आहेत. ‘बोरी धरण ओसंडलं’ ही बातमी सोलापूर आणि धाराशिवच्या स्थानिक वर्तमानपत्रांत येते. तो पहिला इशारा. त्यानंतर निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नळदुर्ग गावातल्या कुणाला तरी फोन करा. ओळखीपाळखीत कुणी ना कुणी निघतंच: एसटीतला, शाळेतला, नाहीतर आईच्या माहेरचा. पण फोन करून ‘धबधबा चालू आहे का’ एवढंच विचारू नका, उत्तर ‘हो, या की’ असंच येणार. तीन प्रश्न नेमके विचारा. दोन्ही धारा पडतायत का? पाणीमहालात, म्हणजे धबधब्यामागच्या दालनांत, सोडतायत का? पाणी लाल-गढूळ आहे की निवळलंय? पहिल्या उत्तरावरून जायचं की नाही हे ठरतं, दुसऱ्यावरून मुलांना नेण्यात अर्थ आहे का ते, आणि तिसऱ्यावरून पूर चढतोय की उतरतोय याचा अंदाज येतो. व्हॉट्सअॅपवर फिरणारे व्हिडिओ धरू नका. दरवर्षी सप्टेंबरात जुनेच व्हिडिओ ‘आजचा नजारा’ म्हणून नव्याने फिरतात.

सांडवा सुरू झाला त्याच दिवशी पळायचीही गरज नाही. उघड्या ओढ्याचं पाणी पाऊस थांबल्यावर काही तासांत ओसरतं. भरलेल्या धरणाचं तसं नसतं. तलावाचा पसारा मोठा असल्याने वरून आलेला लोंढा आधी तिथे पसरतो आणि सांडव्यावरून तो सावकाश, दिवसच्या दिवस उतरत राहतो. त्यामुळे जोराचा पाऊस थांबून दोन-तीन दिवस झालेत, वर आभाळ मोकळं आहे आणि सांडवा अजून चालू आहे, असा दिवस सगळ्यात चांगला. दोन्ही धारांना पाणी असतं, गाळ बराचसा बसलेला असतो, आणि पाणीमहालात उतरू देण्याची शक्यता जास्त असते. जोराच्या पुरात धबधबा लांबून भव्य दिसतो, पण आत जाणं बंद ठेवतात आणि ते बरोबरच आहे. ऑक्टोबर २०२० मधल्या अतिवृष्टीत याच बोरीच्या पुराने खाली अक्कलकोट तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांची दैना केली होती. उन्हाळ्यात चपला न काढता ओलांडता येणारी ही नदी आहे, पण तिला कमी लेखू नका.

आता मुळात बघायचं काय आहे ते. नळदुर्ग आणि रणमंडळ हे बोरीच्या दोन काठांवरचे दोन किल्ले, आणि त्यांना जोडणारा दगडी बांध म्हणजे हे आदिलशाही बांधकाम. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये तो पुरा झाला, आणि बांधणाऱ्याचं नाव मीर इमादिन असं सांगितलं जातं. बांधाच्या पोटात दालनं काढली आहेत, तोच पाणीमहाल. नदीचं जादा पाणी बांधावरच्या दोन ठरावीक वाटांनी खाली पडतं; त्या दोन धारा म्हणजे नर आणि मादी. पाणी डोक्यावरून पुढे झेपावतं आणि आतल्या सज्जात उभ्या माणसाला धबधबा पाठीमागून दिसतो. तुषार येतात, पण अंगावर धार येत नाही. चारशे वर्षांपूर्वी धरण बांधायचं, त्यातून किल्ल्याला पाणी आणि संरक्षण दोन्ही मिळवायचं, आणि वर बसून गंमत बघायची सोयही करून ठेवायची, हे डोकं खरंच कौतुकाचं. बरेच जण मात्र बाहेरून दोन फोटो काढतात आणि परत फिरतात. पाणीमहाल उघडा असेल आणि तो न बघता कुणी आलं, तर त्याने नळदुर्ग पाहिलाच नाही असं मी म्हणेन.

जायचा रस्ता सरळ आहे. हैदराबाद महामार्गाने बोरामणी, तांदूळवाडी, इटकळ असं करत नळदुर्ग, साधारण पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. चारपदरी रस्ता आहे, गाडीने तास-सव्वा तास धरा. वाटेत टोल लागतो. एसटीने जायचं तर सोलापूर स्थानकावरून उमरगा, बसवकल्याण, हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्या नळदुर्गवरून जातात. बसायच्या आधी गाडी नळदुर्गच्या स्टँडवर थांबते का हे वाहकाला विचारून घ्या, काही लांब पल्ल्याच्या गाड्या महामार्गावरच उतरवतात. किल्ला गावाला लागूनच आहे. किल्ल्याला तिकीट आहे, दार उघडायच्या-बंद व्हायच्या वेळा आहेत, त्या आदल्या दिवशीच्या फोनमध्येच विचारून टाका. सुटे पैसे जवळ असू द्या. ऑनलाइन पैसे भरायला तिथे रेंज मिळेलच असं धरून चालू नका.

सकाळी साडेसहाला सोलापूर सोडा. यामागे दोन कारणं आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरातलं दहानंतरचं ऊन, त्यात हवेत दमटपणा, याने आठ वर्षांचं पोर आणि साठीची बाई दोघंही लवकर गळतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: परतीच्या पावसात ढग दुपारी दोन-तीननंतर चढतात आणि विजांसह कोसळतात. एकपर्यंत किल्ल्याबाहेर असाल तर दोन्ही टळतं. शक्य असेल तर रविवार टाळा. गर्दीची अडचण धक्काबुक्कीपुरती नसते. पाणीमहालाच्या अरुंद, ओल्या जिन्यात चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की कुणीतरी भिंतीचा आधार सोडतं आणि घसरतं. पडण्याचे प्रसंग बहुतेक असेच घडतात.

चालणं फार नाही. मुख्य दरवाजापासून आत शिरल्यावर बांधापर्यंत रमतगमत वीसेक मिनिटं धरा. वाट उघडी आहे, सावली कमी. जाताना टोपी आणि पाणी हातात, बाकी ओझं गाडीत. आधी धबधबा आणि पाणीमहाल उरका, मग वेळ आणि पाय उरले तर उपळी बुरूज. हा उलटा क्रम अनेकांना पटत नाही, कारण बुरूज आधी खुणावतो. पण बुरुजाच्या पायऱ्या चढून आई दमली की नंतर पाणीमहालाच्या जिन्यात तिचे गुडघे थरथरतात, आणि उतरताना थरथरणारे गुडघे हा ओल्या दगडावरचा सगळ्यात मोठा धोका आहे. बुरुजावर दोन मोठ्या तोफा आहेत, हत्ती तोफ आणि मगर तोफ; मुलांना त्या आवडतात. त्यांना बुरुजाचं आमिष दाखवून पाणीमहाल शिस्तीत पार पाडता येतो.

आता पायाखालच्या दगडाबद्दल जरा सविस्तर, कारण इथे माणसं पुरात वाहून जाण्यापेक्षा घसरून जास्त जायबंदी होतात. आपला काळा बेसाल्ट कोरडा असताना पाय धरून ठेवतो. ओला झाला तरी स्वच्छ असेल तर चालतो. घात करतं ते शेवाळ. हिरवंगार, केसाळ शेवाळ डोळ्यांना दिसतं म्हणून माणूस ते टाळतो. तपकिरी, पातळ, चिकट थर मात्र ओल्या दगडाच्याच रंगाचा असतो आणि त्याच्यावर पाय साबणासारखा जातो. खूण एवढीच: जिथे तुषार सतत पडतात पण लोकांची पावलं पडत नाहीत, तिथे तो असणारच. म्हणून पायरीच्या मधोमध, वापराने घासलेल्या भागावर पाय ठेवा. कडेला आणि कोपऱ्याला नको. पाऊल सपाट टेकवा, टाचेवर उतरू नका. पावलं छोटी. जिना उतरताना थोडं आडवं व्हा, एक हात भिंतीला, आणि दुसऱ्या हातात काहीही नको. मोबाइल खिशात. फोटो काढायचा तर थांबून, उभं राहून, चालताना नाही. आणि सेल्फीसाठी मागे सरकणं हा प्रकार घरातून निघतानाच बंद म्हणून सांगा.

चपला कुठल्या? गुळगुळीत तळव्याची कोल्हापुरी, स्लीपर, नव्या सँडल, तिन्ही नकोत. जुने, मऊ रबरी तळाचे, मागून बंद असणारे बूट सगळ्यात चांगले. ट्रेकिंगचे महागडे कडक तळाचे बूट ओल्या गुळगुळीत दगडावर उलट जास्त घसरतात, कारण त्यांची नक्षी माती पकडण्यासाठी असते. आईच्या चपलेची शंका असेल तर एक जुना उपाय आहे: जाड जुने मोजे बुटांच्या वरून चढवायचे. दिसायला गबाळं दिसतं, पण विणलेलं सूत शेवाळाच्या थरातून खाली दगडाला धरतं. फक्त जिन्यापुरते घाला, नाहीतर कोरड्या वाटेवर दहा मिनिटांत फाटतात. आई साडीत असेल तर निऱ्या घोट्याच्या वर घ्यायला सांगा आणि पदर खोचून टाका. भिजलेला काठ पायात येतो.

पाणीमहालात उजेड कमी असतो. उन्हातून आत गेल्यावर दोन मिनिटं दाराशीच थांबा, डोळे सरावू द्या, मग उतरा. टॉर्च असेल तर उत्तम. छत आणि कमानी काही ठिकाणी खाली आहेत, उंच माणसांनी डोकं सांभाळावं. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून आत शिरण्याआधीच ठरवा: एका मुलामागे एक मोठं माणूस, मुलाचं मनगट धरायचं. बोटं धरली तर ओल्या हातातून सुटतात. सज्जाशी मुलांना कठड्यावर बसवायचं किंवा उचलून बाहेर डोकावू द्यायचं नाही. आईला जिना झेपणार नसेल तर ओढूनताणून नेऊ नका. बांधावर उभं राहिलं तर धबधबा पायाखाली येतो, समोरून दिसत नाही. त्यापेक्षा तटावर, जिथून बांधाची खालची बाजू दिसते अशी सावलीची जागा बघून तिला तिथे बसवा. दृश्य तिथूनही पुरं दिसतं.

पाण्यात उतरायचं का, हा प्रश्न मुलं विचारणारच. उत्तर नाही. यात तडजोड नको आणि त्याचं कारण मुलांना समजेल असं सांगा. धार जिथे आदळते तिथे पाण्यात हवा मिसळून फेस होतो आणि फेसाळ पाणी अंगाला उचलून धरत नाही. चांगला पोहणाराही त्यात बुडतो. शिवाय कोसळणारं पाणी तळाला जाऊन वर येताना पुन्हा भिंतीकडेच वळतं. वरून डोह शांत दिसतो, पण त्यात पडलेली वस्तू पुढे वाहून न जाता भिंतीशीच गरगरत राहते. माणसाचंही तेच होतं. बांधाच्या वरच्या अंगाला, साठलेल्या पाण्याच्या काठाला गाळ असतो, पाय रुततो, तिथेही नको. बांधाच्या माथ्यावरून पाण्याचा पातळ थर वाहत असताना तो ओलांडून पलीकडे रणमंडळाकडे जायचा मोहही टाळा. घोट्याएवढं वाहतं पाणी शेवाळावर माणूस पाडायला पुरतं, आणि एका बाजूला उतार नाही, सरळ कडा आहे.

कुणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी मारायची नाही. आपल्याकडच्या बातम्यांत एकाला वाचवताना दुसरा गेला असं वारंवार असतं. गाडीत पंधरा-वीस मीटर नायलॉनचा दोर आणि झाकण घट्ट बसणारा पाच लिटरचा रिकामा कॅन ठेवा. कॅन दोराच्या टोकाला बांधून फेकायचा. तो तरंगतो आणि माणसाला धरायला मिळतो. फेकताना थोडं पाणी कॅनमध्ये असू द्या, नुसता रिकामा वाऱ्याने भरकटतो. दोर नसेल तर ओढण्या-टॉवेल एकमेकांना गाठ मारून. फेकणाऱ्याने पोटावर आडवं पडायचं, उभं राहून ओढायचं नाही. दरम्यान दुसऱ्याने ११२ ला फोन करायचा; रुग्णवाहिकेसाठी १०८.

नदी चढतेय हे तिथे उभं असताना कसं ओळखायचं? पाण्याचा रंग निवळ होता तो एकदम तांबूस झाला, काटक्या-पाला-फेस वाहून यायला लागला, आवाजाचा पोत बदलून घरघर वाढली, किंवा मघाशी कोरडा दिसलेला दगड आता ओला आहे: यातलं एक जरी दिसलं तरी पाणीमहालातून बाहेर आणि उंचावर. आपल्या डोक्यावर ऊन असणं याचा काही संबंध नाही. पाऊस तुळजापूरच्या डोंगराला पडलेला असतो, आणि फुगलेल्या काळ्या रानातून तो थेट खाली येतो.

विजांबद्दल: ‘दामिनी’ अॅप मोबाइलमध्ये घ्या, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेलं आहे, फुकट आहे आणि आसपास वीज कोसळण्याचा इशारा देतं. गडगडाट ऐकू आला की उपळी बुरुजावरून लगेच उतरायचं, किल्ल्यातली ती सर्वांत उंच जागा. एकट्या झाडाखाली थांबू नका. गाडी जवळ असेल तर गाडीत बसून काचा लावणं सगळ्यात चांगलं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

जुन्या तटांना आग्या मोहोळं असतात. धूर करू नका, दगड मारू नका, आणि अंगावर अत्तर-स्प्रे फवारून जाऊ नका. पावसाळ्यात तटाच्या सांध्यांत, रचलेल्या दगडांत फुरसं किंवा घोणस असू शकते. दिसत नाही अशा फटीत हात घालू नये आणि गवतात बसू नये. चावा झालाच तर चीर मारणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही नको. हात-पाय हलू न देता, अंगठी-बांगडी काढून, सरळ सरकारी दवाखाना.

सोबत काय घ्यायचं: माणशी दीड ते दोन लिटर पाणी. नदीचं पाणी कितीही निवळ दिसलं तरी पिऊ नका, वरच्या गावांचं सगळं त्यात येतं. एक बाटली मीठ-साखरेची असू द्या: एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर उलट त्रास होतो, म्हणून घरूनच मोजून करा. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणीला तोड नाही. दोन्ही उन्हात टिकतं, सांडत नाही आणि पोट भरतं. धपाटे नेत असाल तर दह्याचा डबा वेगळा आणि अकराच्या आत संपवा. एक जोडी कोरडे कपडे मुलांसाठी, मोबाइलला झिपची प्लास्टिक पिशवी, चष्मा-लेन्स पुसायला सुती रुमाल, आणि एक रिकामी पिशवी कचऱ्याला. छत्री नेऊ नका, बांधावर वाऱ्याने ती उलटते आणि हात अडकून राहतो. टोपी आणि पातळ रेनकोट बरा. खाणं किल्ल्याच्या दाराबाहेर उरकलं तर माकडांचा आणि कुत्र्यांचा त्रास वाचतो.

परत येताना तुळजापूर करून यायचा विचार बहुतेकांच्या डोक्यात असतो. नळदुर्गहून तुळजापूर तीस-पस्तीस किलोमीटर, तिथून सोलापूर, असा त्रिकोण एरवी छान होतो. पण धबधब्याचा मोसम आणि नवरात्र-कोजागरी नेमकी एकत्र येतात. कोजागरीला सोलापूरहून लाखो भाविक पायी तुळजापूरला जातात, त्या दिवसांत तो रस्ता वाहनांना बंद करून वाहतूक वळवली जाते. घटस्थापना ते कोजागरी या काळात जात असाल तर तुळजापूर सोडून द्या, आल्या रस्त्याने परत या आणि हैदराबाद रोडवरही वळवलेल्या गाड्यांची गर्दी गृहीत धरा. रात्री-पहाटे रस्त्याच्या कडेने चालणारे लोक असतात, गाडी हळू.

फोनवर ‘सांडवा बंद आहे’ असं कळलं तर दोन पर्याय आहेत. धबधबा नको, किल्ला चालेल असं असेल तर तरीही जा: पाणी पडत नसताना पाणीमहाल निवांत बघता येतो, जिना कोरडा असतो, बांधकाम कसं केलंय ते नीट कळतं, आणि आईलाही आत नेता येतं. मुलांना पडतं पाणीच हवं असेल तर धुळे महामार्गावर धाराशिवच्या पुढे येडशीचं रामलिंग आहे. अंतर जास्त, दोन तासांच्या आसपास धरा. तिथला ओढा अभयारण्याच्या झाडीतून येतो, मंदिराजवळ खडकाच्या पायरीवरून छोटासा धबधबा पडतो, आणि वर धरण नसल्याने त्याचं गणित नळदुर्गच्या उलट आहे: तिथे पावसाच्या दुसऱ्याच दिवशी जावं, चार दिवस थांबलात तर धार उरत नाही. माकडं खूप आहेत, प्रसादाची पिशवी हातात दिसू देऊ नका. पायऱ्या उतरून जावं लागतं, त्या शेवाळल्या असतात. वर सांगितलेला मोज्यांचा उपाय तिथेही लागू.

तुमच्या तारखेबद्दल विचाराल तर सुट्टी एकच दिवस ठरवून ठेवू नका. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचे सगळे शनिवार डोक्यात ठेवा, शुक्रवारी संध्याकाळी फोन लावा आणि दोन्ही धारा चालू, महाल उघडा, पाणी निवळलेलं, अशी तिन्ही उत्तरं मिळाली तरच पहाटेचा गजर लावा.